न फिरणारी तबकडी

जुना संगणक सुरू केला की त्याच्या पोटातून बारीक घरघर ऐकू येते. मधूनच 'कट्-कट्, कट्-कट्' असा आवाजही येतो. कान देऊन ऐकलेत, तर दोन आवाज वेगळे ओळखता येतील. एक पंख्याचा, तो वाऱ्यासारखा असतो. दुसरा, म्हणजे ती घरघर आणि कटकट, हार्ड डिस्कची असते. आता एखाद्या नव्या लॅपटॉपला कान लावून पाहा. पंख्याचा आवाज कदाचित येईल, पण कटकट काही केल्या ऐकू येणार नाही. मोबाइलमध्ये तर ती सहसा नसतेच.

हा आवाज गेला कोठे? आणि त्याच्या जागी जे आले, ते आपण कोणत्या अटींवर घेतले?

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. पुष्कळ शाळांच्या संगणक कक्षांत असे संगणक आहेत, की जे सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटे घेतात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली पाच मिनिटे अशी गेली, की 'यंत्र म्हातारे झाले' असा शेरा मारून ते अडगळीत टाकले जाते. प्रत्यक्षात त्यातले गणन करणारे भाग बहुधा ठणठणीत असतात. मग वेळ जातो कोठे? तो जातो वाट पाहण्यात. कशाची वाट, ते पाहू या.

चक्राकार वाट पाहणे

हार्ड डिस्कच्या आत काच किंवा ॲल्युमिनिअमच्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. या थरातल्या सूक्ष्म ठिपक्यांचे चुंबकत्व एका दिशेला किंवा तिच्या उलट दिशेला ठेवून माहिती नोंदली जाते. तबकडीवर एका बाजूने दुसऱ्या बाजूला झुलणारा एक दांडा असतो आणि त्याच्या टोकाला लिहिणारे-वाचणारे हेड असते. ग्रामोफोनची आठवण होते ना? फरक असा, की ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकलेली असते, तर येथे हेड टेकत नाही. तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या पातळ गादीवर ते तरंगते. ही उंची अवघी काही नॅनोमीटर असते. तुमच्या डोक्यावरचा एक केस सुमारे ७५,००० नॅनोमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कारागिरीची कल्पना येईल. धुळीचा एक कण आत शिरला तरी हेडच्या दृष्टीने तो डोंगरच.

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये 'रॅमॅक' या संगणकाबरोबर आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्या मिनिटाला १२०० फेरे घेत आणि एवढ्या साऱ्या खटाटोपात ५० लाख अक्षरे मावत. म्हणजे आजच्या मोबाइलवर काढलेले जेमतेम एक छायाचित्र! या कपाटाचे वजन टनाच्या घरात होते.

आता आपल्या ओळखीच्या डिस्ककडे येऊ. मेजावरच्या संगणकातली डिस्क साधारणपणे मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीचा व्यास ९५ मिलिमीटर धरा. परीघ सुमारे २९८ मिलिमीटर येतो. त्याला १२० ने गुणा. तबकडीची कड सेकंदाला सुमारे ३५.८ मीटर, म्हणजे ताशी १२९ किलोमीटर वेगाने धावत असते! इतके असूनही ती संथ का?

जत्रेतल्या आकाशपाळण्याजवळ तुम्ही उभे आहात असे समजा. तुमचा मित्र एका पाळण्यात बसला आहे आणि तुम्हाला त्याच्या हातात चिठ्ठी द्यायची आहे. त्याचा पाळणा नुकताच पुढे गेला असेल, तर पूर्ण फेरा होईपर्यंत थांबावेच लागेल. नशीब चांगले असेल, तर तो लगेच येईल. सरासरीने अर्धा फेरा थांबावे लागेल. आपल्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत होतो. म्हणजे सरासरी ४.२ मिलिसेकंद नुसते थांबणे. त्याआधी दांडा झुलून योग्य वर्तुळावर यायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. ही दांड्याची धावपळ म्हणजेच तुम्ही ऐकलेली कटकट. एकूण झाले १३ मिलिसेकंद.

'एवढेच ना?' असे तुम्ही म्हणाल. पण संगणकाच्या दृष्टीने पाहा. त्याचे घड्याळ सेकंदाला ३०० कोटी ठोके देते असे धरले, तर १३ मिलिसेकंदांत ३ कोटी ९० लाख ठोके होतात. त्यातल्या एका ठोक्याला आपण एक सेकंद मानला, तर ही वाट सव्वा वर्षाची झाली! पुस्तकातले एक पान हवे म्हणून शिपायाला ग्रंथालयात पाठवावे आणि त्याने सव्वा वर्षाने परतावे, तसेच हे. संगणक सुरू होताना असे एक पान लागत नाही, हजारो लागतात, आणि ती तबकडीवर विखुरलेली असतात. समजा, २०,००० वेळा अशी खेप घालावी लागली. १३ मिलिसेकंदांप्रमाणे २६० सेकंद, म्हणजे ४ मिनिटे २० सेकंद. शाळेतल्या त्या संगणकाचे कोडे बरेचसे उलगडले, नाही का? खेपांचा क्रम चतुराईने लावून संगणक त्यातला काही वेळ वाचवतो, पण तबकडीच्या फेऱ्याला तोही घाई करू शकत नाही. अधिक वेगाने फिरवावी म्हटले तर उष्णता, कंप आणि वीजवापर वाढतो. मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या डिस्क निघाल्या होत्या. वाट कमी झाली, पण नाहीशी झाली नाही.

भिंतीआड कोंडलेले इलेक्ट्रॉन

वाट नाहीशी करायची, तर हलणारा भागच काढून टाकायला हवा. सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, हे त्याचेच नाव. यात तबकडी नाही, दांडा नाही, मोटार नाही. आहेत त्या सिलिकॉनच्या चिपा. पण वीज बंद केल्यावरही या चिपांच्या ध्यानात कसे राहते? माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत सुंदर भाग आहे, म्हणून येथे जरा रेंगाळू.

ट्रान्झिस्टर हा एक प्रकारचा नळ आहे असे समजा. त्याच्या 'गेट' नावाच्या भागाला पुरेसे विभवांतर दिले की नळ उघडतो आणि प्रवाह वाहू लागतो. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डावॉन कांग आणि सायमन झी या दोघांनी एक कल्पना मांडली. या गेटच्या खाली आणखी एक गेट ठेवायचे, पण त्याला कोणतीही तार जोडायची नाही. चारी बाजूंनी विसंवाहकाचा थर, म्हणजे सिलिकॉन डाय-ऑक्साइड. आपल्या वाळूतला मुख्य घटकही हाच. अशा अधांतरी गेटला 'तरंगते गेट' म्हणतात. थराथरांचा केक खाताना ही कल्पना सुचली अशी गोष्ट सांगतात.

या तरंगत्या गेटवर काही इलेक्ट्रॉन बसवले, तर ते वरच्या गेटचा प्रभाव काहीसा अडवतात. मग नळ उघडायला अधिक विभवांतर लागते. इलेक्ट्रॉन नसले, तर कमी विभवांतराला उघडतो. म्हणजे ठराविक विभवांतर देऊन पाहायचे: नळ उघडला तर १, नाही उघडला तर ०. झाली नोंद वाचून! कोणी हललेही नाही आणि फिरलेही नाही.

पण थांबा. चारी बाजूंनी भिंत आहे, दार नाही, खिडकी नाही. मग इलेक्ट्रॉन आत गेले कसे?

ते भिंतीतूनच गेले. इलेक्ट्रॉन हा केवळ कण नसून त्याला तरंगाचेही गुणधर्म असतात, हे तुम्ही पुढील वर्गांत शिकाल. तरंग भिंतीशी एकदम तुटत नाही; भिंतीच्या आत तो झपाट्याने क्षीण होत जातो. भिंत जाड असेल, तर पलीकडे काहीच उरत नाही. ती फार पातळ असेल, तर पलीकडे थोडासा अंश उरतो, म्हणजेच इलेक्ट्रॉन पलीकडे सापडण्याची थोडी संभाव्यता उरते. याला टनेलिंग म्हणतात. फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये, तीव्र विद्युतक्षेत्रात धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर कसे पडतात याचे गणित याच कल्पनेने मांडले होते. तेव्हा त्यांच्यासमोर संगणकाची आठवण साठवण्याचा प्रश्न अर्थातच नव्हता.

आपली भिंत १० नॅनोमीटरपेक्षा फारशी जाड नसते. तिच्या वाट्याला १० व्होल्ट आले, तर क्षेत्राची तीव्रता किती? १० व्होल्ट भागिले १० नॅनोमीटर: मीटरला १०० कोटी व्होल्ट! हवेत ठिणगी पडायला मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात. एवढ्या क्षेत्राने विसंवाहकाची भिंत इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने आणखी पातळ होते आणि ते भराभर पलीकडे जातात. विभवांतर काढून घेतले की भिंत पुन्हा 'जाड' होते आणि आतले इलेक्ट्रॉन आतच अडकतात. वीज गेली तरी ते तेथेच. उलट दिशेने विभवांतर दिले, की ते बाहेर पडतात आणि पाटी कोरी होते.

पाटी अशी विजेने चटकन कोरी करण्यामागे जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका होते. त्याआधी, १९७१ मध्ये, इंटेल कंपनीतल्या डोव्ह फ्रोमान यांनी तरंगत्या गेटची चिप केली होती, पण ती पुसायला चिपवरच्या काचेच्या खिडकीतून जंबुपार किरण सोडावे लागत. मासुओकांनी १९८४ मध्ये नव्या पद्धतीची चिप जाहीर केली. पुष्कळ कप्पे एका झटक्यात पुसले जातात, हे पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि नाव पडले 'फ्लॅश'. १९८७ मध्ये मासुओकांनीच कप्पे माळेसारखे एकापुढे एक जोडण्याची 'नँड' रचना मांडली. तिच्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ कप्पे बसू लागले. तुमच्या मोबाइलमध्ये, पेनड्राइव्हमध्ये आणि एसएसडीमध्ये आज तीच असते. १९९१ मध्ये पहिल्या काही एसएसडींपैकी एक बाजारात आली, तेव्हा २० मेगाबाइटला सुमारे १००० डॉलर पडत होते. सामान्य माणसाच्या लॅपटॉपमध्ये ती यायला आणखी वीस वर्षे जावी लागली.

एसएसडीत एखादी नोंद शोधून वाचायला साधारण एकदशांश मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. मघाच्या हिशेबाने सव्वा वर्षाची वाट साडेतीन दिवसांवर आली आणि त्या २०,००० खेपा दोन सेकंदांत झाल्या. हा लाभ विजेच्या वेगाचा आहे असे अनेकजण समजतात. हार्ड डिस्कमध्येही वीज तेवढ्याच वेगाने धावते! लाभ आहे तो फेरा संपण्याची वाट पाहावी न लागण्याचा. म्हणूनच दहा-बारा वर्षांच्या जुन्या संगणकात एसएसडी बसवली, तरी तो नव्याने जिवंत झाल्यासारखा वाटतो. गणिते मात्र तो पूर्वीच्याच वेगाने करील, आणि इंटरनेट संथ असेल तर ते संथच राहील.

झिजणारी पाटी

आता अटींकडे वळू. भिंतीतून इलेक्ट्रॉन पुन्हा पुन्हा रेटल्याने भिंतीचे थोडे थोडे नुकसान होते. काही इलेक्ट्रॉन भिंतीतच अडकून बसतात, दोष निर्माण होतात आणि शेवटी ती गळू लागते. म्हणजे ही पाटी पुसून पुसून झिजते. त्यात आणखी एक गंमत आहे. हिच्यावर लिहिताना थोडे थोडे लिहिता येते, पण पुसायची तर एकदम मोठी पट्टीच पुसावी लागते. मधला एकच शब्द बदलायचा असेल, तर एसएसडी तो जागच्या जागी खोडत नाही. नवा मजकूर दुसऱ्या कोऱ्या जागी लिहिते, जुन्या जागेवर 'रद्द' अशी खूण करते आणि सवडीने पट्टी पुसते. फळा पुसायची पाळी रोज एकाच मुलावर येऊ नये म्हणून वर्गशिक्षक पाळ्या लावतात ना? तशाच एसएसडीतला नियंत्रक सर्व कप्प्यांना पाळ्या लावतो, म्हणजे एकच कप्पा लवकर झिजत नाही.

काटकसरीपोटीही झीज वाढली. आधी एका कप्प्यात भरलेला किंवा रिकामा अशा दोनच अवस्था असत. मग तंत्रज्ञांनी विचार केला, की तांब्यातले पाणी पाव, अर्धे, पाऊण असेही ओळखता येतेच की! तीन बिट साठवायचे तर ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, चार बिटांसाठी १६. तांब्या तोच, खुणा मात्र जवळजवळ. दोन पातळ्यांचे कप्पे सुमारे एक लाख वेळा पुसता येत. आठ पातळ्यांचे काही हजार वेळाच. पण घाबरू नका. घरगुती किंवा शालेय वापरात एवढे पुसणे सहसा होतच नाही.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी अट. लहान कप्प्यात कोंडलेले इलेक्ट्रॉन शेकड्यांत मोजण्याइतकेच असतात. ते हळूहळू निसटतात, आणि उष्णतेने अधिक निसटतात. घरगुती एसएसडीसाठी ठरलेले एक मानक असे सांगते, की लिखाणाची नेमून दिलेली मर्यादा संपल्यावरही, वीज न देता ३० अंश सेल्सिअसला ठेवल्यास, तिने निदान १ वर्ष माहिती जपली पाहिजे. फारशी न वापरलेली एसएसडी याहून पुष्कळ अधिक काळ जपते. तरीही शाळेच्या पन्नास वर्षांच्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रे एका एसएसडीवर भरून, ती चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात वर्षानुवर्षे ठेवून देणे शहाणपणाचे नाही. तबकडीवरचे चुंबकत्व असे गळून जात नाही.

शिवाय हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी बहुधा कुरकुरते. आवाज बदलतो, फायली उघडायला वेळ लागतो. एसएसडी मात्र काल चालू होती आणि आज संगणकाला दिसतच नाही, असेही होते. चुकून पुसलेली फाइल हार्ड डिस्कमधून पुष्कळदा परत मिळवता येते, कारण वर दुसरे काही लिहीपर्यंत खालचे तसेच असते. एसएसडी रद्द पट्ट्या आपणहून पुसत असल्याने तेथे ही आशा फारच कमी.

मग तबकडीचे दिवस संपले का? याचे उत्तर चिलीतल्या एका पठारावर पाहायला मिळते. सुमारे ५००० मीटर उंचीवर तेथे 'आल्मा' ही रेडिओ दुर्बीण आहे. मघाशी आपण म्हटले, की हेड हवेच्या गादीवर तरंगते. इतक्या उंचीवर हवा एवढी विरळ, की गादी धड तयारच होत नाही! साध्या हार्ड डिस्कची हमी साधारण ३००० मीटरपर्यंतच दिलेली असते. म्हणून आल्माच्या माथ्यावरच्या महासंगणकात फिरती डिस्क ठेवलेली नाही. पण एप्रिल २०१७ मध्ये कृष्णविवराचे चित्र मिळवण्यासाठी जगातल्या आठ दुर्बिणींनी एकत्र निरीक्षणे केली, त्यांत आल्माही होती. माहिती हजारो टेराबाइट जमली. ती कशावर नोंदवली? हार्ड डिस्कवरच! या डिस्क पूर्ण मोहोरबंद होत्या आणि त्यांत हेलिअम वायू भरला होता. बाहेर हवा विरळ असो वा दाट, आत हेडला तरंगायला वायू होताच. एवढी माहिती तारांवरून पाठवण्यापेक्षा विमानाने डिस्कच नेणे सोयीचे ठरले. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर हिवाळा सरून विमाने सुरू होईपर्यंत अडकून पडल्या होत्या. ते चित्र १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाले. प्रचंड माहिती ओळीने लिहायची आणि ओळीने वाचायची असेल, तर वाट पाहावीच लागत नाही, आणि टेराबाइटमागे खर्च पाहिला तर तबकडी आजही स्वस्त आहे. मोठमोठ्या माहितीकेंद्रांत म्हणूनच ती अजून फिरते आहे.

शाळेत हा बदल करायचा असेल, तर शिक्षकांनी आधी सर्व महत्त्वाच्या फायलींची वेगळी प्रत काढावी. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क आणि त्याच मापाची साटा पद्धतीची एसएसडी यांची जोडणी सारखीच असते. मेजावरच्या संगणकातही ती बसते. जुन्या डिस्कवरचे सारे जसेच्या तसे एसएसडीवर उतरवून घेता येते. जुन्या डिस्कवर विखुरलेले तुकडे ओळीने लावण्याची जी सोय वापरली जाई, ती एसएसडीवर वापरू नये. तेथे दांडाच नाही, तेव्हा लाभ शून्य आणि झीज मात्र होईल.

निघालेली डिस्क चांगली असेल, तर तिला बाहेरची डबी मिळते. ती डबीत घालून प्रती ठेवायला वापरा. बिघडलेली असेल, तर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेऊन शिक्षकांसमक्ष उघडा. तारेच्या आकाराचे स्क्रू असतात, त्याला तसाच पेचकस लागेल. लॅपटॉपमधल्या डिस्कची तबकडी काचेची असू शकते. ती वाकवू नका. दांड्याच्या मागच्या टोकाशी निओडिमिअमचे जबरदस्त चुंबक सापडतील. त्यांच्यामध्ये बोट चेमटू देऊ नका आणि ते पेसमेकर लावलेल्या माणसाजवळ नेऊ नका. हार्ड डिस्कची ॲल्युमिनिअमची तबकडी मिळाली, तर ती तिरपी धरून तिच्यावरून चुंबक घसरवा. ॲल्युमिनिअमला चुंबक चिकटत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरीही तो मधात पडल्यासारखा सावकाश का घसरतो, ते वर्गात सर्वांनी मिळून शोधा.